दादा, मशीन फॉरमॅटला नेऊ नकोस

दादा,

पोशेरे गावातल्या लग्नाचं शूटिंग सगळं शाबूत आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत मी स्वतः उघडून पाहिलं. नवरीचे वडील अकराला येतील, त्यांना बसवून दाखव.

चूक माझीच होती. स्टुडिओच्या कॉम्प्युटरच्या दोन्ही हार्ड डिस्क जोडून मी एक मोठी जागा केली आणि मशीन चालवणारी लिनक्स सिस्टिमही तिथेच बसवली. पण जोडलेल्या डिस्क उघडणारा प्रोग्रामही आतच राहिला, म्हणून मशीन सुरूच होईना. स्टुडिओची किल्ली आत विसरून शटर ओढून घ्यावं, तसं झालं. काल पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि सगळ्यात आधी लोड होणाऱ्या छोट्या फाइलमध्ये तो प्रोग्राम घातला. मग तीनदा बंद-चालू करून बघितलं. तिन्ही वेळा उघडलं.

चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर थोडा वेळ अक्षरं पळतील. पळू देत. घाबरून बटण दाबू नकोस.

"परत हात लावलास तर बघ" म्हणाला होतास, तरी लावला. त्याबद्दल सॉरी. चार दिवस बोलला नाहीस ते बरोबरच होतं, पण आता जेवून घे. भाकऱ्या झाकून ठेवल्यात.

मी पहिल्या एसटीने नाशिकला इंटरव्ह्यूला जातेय. "काय येतं तुला?" विचारलं तर हाच घोळ सांगणार, निस्तरलेला.

स्टुडिओची किल्ली खिळ्याला आहे. घराची दुसरी किल्ली मात्र शोधू नकोस. त्या दिवशी तू रागात "नाशिकला जा नि तिकडेच राहा" म्हणालास, म्हणून ती मी सोबत नेलीय, परत येऊन दार उघडायला.

किमया