दहा पाट, एक खोली

रोहा, सोमवार, २९ जुलै १९९६

तीर्थरूप गुणाजीमामांना हरेशचा वाकून नमस्कार (या खेपेला खरोखरच वाकलोय, खोलीत टेबल नाही, पत्र जमिनीवर ठेवून लिहितोय). तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि खांब नाक्यावरचं पंक्चरचं दुकान, तिन्ही ठीक असावीत. माझी तब्येत बरी आहे. डोकं सोडून.

माझं सगळं बदललं ते दोन जुलैला, मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता. त्या वेळी माधवरावांनी दोन हातांत दोन गणपती धरले आणि कारखान्यातल्या सगळ्यांसमोर मला विचारलं की हे कोणासारखे बघतायत? कॉलेज मी एस.वाय.ला सोडलं (तेव्हाही दार आपटलं होतं, प्राचार्यांचा चष्मा फुटला त्याच्याशी दाराचा काही संबंध नव्हता) आणि तेव्हापासून त्यांच्या पेणच्या रामवाडीतल्या कारखान्यात आखणी करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आखणी म्हणजे रंग झाला की शेवटी डोळे काढायचे. डोळे नाहीत तोवर मूर्ती म्हणजे नुसती माती. तर अलिबागचं एक गिऱ्हाईक सांगून गेलं होतं की तुमचे यंदाचे गणपती तुमच्या मुलीसारखे बघतात. मामा, मी नीट पाहिलं आणि खरंच, फळीवरच्या साठ मूर्ती अंतरासारख्या बघत होत्या. तीच जराशी खाली झुकलेली पापणी, समोरच्याचं म्हणणं अजून पटलेलं नाही अशी. मी हे मुद्दाम केलं नव्हतं. हात आपोआप जायचा. पण हे सांगण्याऐवजी मी ब्रश फेकला आणि दार आपटून बाहेर पडलो. पावसाळ्याची ओली माती, धक्क्याने तीन सोंडा पडल्या. त्यांचा आवाज मला रस्त्यापर्यंत ऐकू आला. (आईला दोनच सांगितल्यात.)

त्याच आठवड्यात तुमच्या ओळखीने रोह्याच्या कंपनीतली नोकरी पक्की झाली, एक ऑगस्टपासून शिफ्ट. मला वाटलं आता मार्ग सरळ आहे. नोकरी, खोली, मग अंतरा. अंतराला पेणच्या स्टँडवर गाठून तसं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. खोली अशा वस्तीत बघ जिथे चारी दिशांची माणसं राहतात आणि आल्याआल्या कोणी ‘तुम्ही कोणातले’ विचारत नाही. एकाच जातीच्या आळीत ती येऊन राहणार नाही. ना तिच्या, ना आपल्या. अशी मिळाली तर रविवारी अठ्ठावीसला बघायला येईन, नाही तर येणार नाही. मामा, खोली बघताना लोक नळ बघतात, संडास बघतात. माणसं कशी बघायची हे मला कोणी शिकवलेलं नाही.

पहिली खोली देवळामागच्या आळीत. मालकांनी पाणी दिलं आणि घोट गिळायच्या आत आडनाव विचारलं. म्हात्रे म्हटल्यावर, ‘म्हणजे कोणते म्हात्रे?’ मी म्हटलं, मेष राशीचे. मग अर्थात तिथून निघालो. (दार आपटलं नाही. दाराला पडदाच होता.) दुसरी खोली आपल्याच लोकांत, गिरजाबाईंकडे. त्यांनी काहीच विचारलं नाही, कारण त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. चहाला उकळी येईतो त्या आईच्या चुलतमावशी निघाल्या, आणि कप हातात देताना म्हणाल्या, ‘तीन सोंडा पाडल्यास ना रं तू? आमची पूजा फार शांत हाय, तुला सांभाळून घेईल.’ पूजा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. घाबरून की हसून, ते कळलं नाही. चहा अर्धा टाकून निघालो.

तिसरी धाटावच्या रस्त्यावरची सगुणाबाईंची चाळ. दहा खोल्या, पत्र्याचं छप्पर, आणि मामा, तिथे खरोखर चारी दिशा एका नळावर उभ्या होत्या. बॉयलरवरचे थॉमस केरळचे, तिवारी बनारसकडचे, एक कुटुंब बेळगावचं, शेख चाचा म्हसळ्याचे (माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात, माझं ‘नाय’ दुरुस्त करतात). सगुणाबाईंनी जात विचारली नाही, आडनावही नाही. ‘गाव कुठला तुजा?’ एवढंच विचारलं. पेण म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तो का उजळला हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

आता माझी चूक ऐका. आईने जेवायला बसण्यासाठी एक पाट बरोबर दिला होता. आपल्याकडे गिऱ्हाईक कारखान्यात पाट आणून ठेवतं, त्यावर नाव लिहिलेलं असतं, की मूर्ती ठरली. पुढे बोलायचं काही उरत नाही. मी त्याच हिशेबाने पाटावर खडूने ‘हरेश’ लिहिलं, खोलीच्या मधोमध ठेवला, ‘पाट ठेवलाय हां’ म्हणालो आणि सामान आणायला पेणला गेलो. माझ्या मते खोली ठरली. सगुणाबाईंच्या मते पेणच्या पोराने गणपतीची नोंदणी उघडली आणि नमुना ठेवून गेला.

गुरुवारी ट्रंक घेऊन आलो तर खोलीत माझ्या पाटाशेजारी आणखी नऊ. प्रत्येकावर नाव आणि फर्माईश. सगुणाबाईंना दीड फुटी, बेळगावकरांना उंदीर सुटा हवा. शेख चाचांचा पाट पॅकिंग खात्याच्या गणपतीसाठी होता, सहा वर्षं खात्याच्या मंडळाचे अध्यक्ष तेच आहेत. थॉमसकडे पाट नाही म्हणून त्यांनी कॅरम बोर्ड ठेवला होता (मुलीने हट्ट धरलाय), आणि तिवारींनी पोळपाट, त्यामुळे गुरुवारपासून ते भात खातायत. मी सांगायला तोंड उघडलं की मी कारखान्यातून भांडून आलोय. पण आलेला पाट परत धाडायचा नसतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तोंड मिटलं. सगुणाबाई म्हणाल्या, ‘खोली तुजीच रं. गणपती आणशील त्या दिवशी कायमची.’

आणि रविवारी अंतरा आली. बरोबर मैत्रीण नमिता होती. नमिता दारातच थांबली, अंतरा आत येऊन पाटांच्या मधे बसली आणि एकेक नाव वाचायला लागली. मी वस्तीबद्दल तयार केलेलं भाषण सुरू केलं, त्यातलं पहिलंच वाक्य विसरलो. ती म्हणाली, ‘इथे कोणी जात विचारत नाही हे खरं. सगळ्यांनी नावंच लिहून दिलीत.’ मग कॅरम बोर्ड बघून पुष्कळ हसली. जाताना खडू उचलला (कारखान्यात पाटांवर तीच लिहिते), माझ्या पाटावर माझ्या नावाखाली दोन शब्द लिहिले आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेली. ‘आखणी बाकी.’

मामा, रात्रीपासून त्या पाटाकडे बघतोय. कारखान्यात हे आम्ही जी मूर्ती पूर्ण झाली, फक्त डोळे राहिलेत, तिच्या पाटावर लिहितो. म्हणजे बाकी सगळं ठरलं, एवढंच उरलंय? की मला अजून डोळे नाहीत? होकार असेल तर इतका कोरडा, आणि नकार असेल तर इतक्या छान अक्षरात कशाला? शेख चाचांना विचारलं तर ते म्हणाले, अक्षर सुवाच्य आहे. तिवारी म्हणाले, पोळपाट कधी मिळेल.

मामीला नमस्कार. आईला यातलं काही कळवू नये.

तुमचा,
हरेश

ता. क. नमिता दारातून जाताना म्हणाली की माझ्यानंतर माधवरावांनी दुसऱ्या कोणाला आखणीचा ब्रश धरू दिलेला नाही. साडेतीनशे मूर्ती डोळ्यांवाचून बसल्यात. म्हणजे ते दोन शब्द कदाचित माझ्याबद्दल नसतीलच, नुसता कामाचा निरोप असेल. हे आत्ता लिहिताना सुचलं. वर लिहिलेलं सगळं त्यामुळे रद्द समजावं, किंवा समजू नये.

ता. क. २. खरं काम असं. मी आज नऊ पाट बांधून माधवरावांकडे निघालोय. एकट्याने आत जायची हिंमत नाय. माफी तुम्ही मागा, मी पाट घेऊन मागे उभा राहतो. डोळे मी सुट्टीच्या दिवशी येऊन काढीन, कोणासारखे होतील ते मात्र त्यांनी विचारू नये. कोलाडवरून जाणारी गाडी तुमच्या दुकानासमोर थांबते, तिथे हे पत्र खिडकीतून तुमच्या हातात देईन. वाचून होईतो गाडी थांबणार नाही, म्हणून आधी चढा, मग वाचा. (हे पहिल्या पानावर लिहायला हवं होतं.)

ता. क. ३. माझा पाट इथेच ठेवलाय, खडू पुसला जाईल म्हणून. गठ्ठा डोक्यावर आहे, हे शेवटचं भिंतीला कागद टेकवून लिहितोय. शेख चाचा रात्रपाळी करून आत्ताच झोपलेत, म्हणून दार हळूच लावतोय.