पूंगोडीचं न्हाण

१८ डिसेंबर, सोमवार

आलं — तांदूळ पाच किलो, तूरडाळ एक किलो, तेल अर्धा लिटर, शेवग्याच्या शेंगा, वांगी, दोन नारळ. सगळं मिलच्या खात्यावर. माझी फक्त चिंच आणि मीठ. शिवाय आल्या — मुली सात. हे मिलची बस चालवतात, ह्यांनीच आणून सोडल्या. डोई पंचवीस रुपये मिळणार. माझा खर्च सगळा मिळून वीसच्या आत.

मिलमध्ये आज परदेशी कंपनीची तपासणी आहे. आपलं सूत तिरुप्पूरला जातं, तिथे त्यांचे कपडे शिवतात. म्हणून कामगारांना नीट वागवतात का, ते बघायला माणसं येतात. मुत्तैया सुपरवायझर दारातूनच म्हणाला, ह्या मुलींना आज सुट्टी आहे अक्का, जेवू घाला, दिवेलागणीला नेतो. फक्त रस्त्यावर जाऊ देऊ नका.

मार्गळीचा पुण्य महिना, आणि सात कुमारिका पानावर — तेही दुसऱ्याच्या तांदळात! मुरुगदेवाची कृपा म्हणायची.

सगळ्यांत लहान दिसते तिला विचारलं, नाव काय गं तुझं? म्हणाली, "अठरा." बाकीच्या हसून हसून लोळल्या. कोणीही काहीही विचारलं तर आधी अठरा म्हणायचं, असं पढवून ठेवलंय. नाव पूंगोडी. कमुदीच्या पलीकडचं गाव. बाप नाही. तीन वर्षं पुरी केली की मिल लग्नासाठी एकरकमी पैसे देते, त्यातलं एक झालंय. मधेच सोडलं तर काही नाही.

तेल लावून सगळ्यांच्या वेण्या घातल्या. फणीत केसांपेक्षा कापूस जास्त. वातींना होईल असं मनात आलं. पण केसांतला कापूस देवाला कसा चालेल? टाकवलाही नाही. पुडी बांधून कोनाड्यात ठेवली.

१९ डिसेंबर, मंगळवार

ह्यांना विचारलं, त्या मुली किती वर्षांच्या असतील? म्हणाले, तू सांबार चांगलं केलंस म्हणत होत्या.

४ जानेवारी, गुरुवार

पुन्हा मुली. ह्या खेपेला सहा, आणि मुक्कामाला. तपासणी दोन दिवसांची आहे. मागे काही कमी पडलं होतं म्हणे. तांदूळ आला, डाळ नाही. डाळ घरची घातली. मुत्तैयाच्या नावावर मांडून ठेवली आहे.

मिलच्या फाटकाशी नवा पांढरा फलक लावलाय, कंपनीच्या नियमांचा. मुलींकडून पाठ करून घेतलाय. दुपारी परसात टाळ्या देत म्हणत होत्या — अठराच्या आतलं कोणी नाही, आठ तासांवर काम नाही, मनाविरुद्ध कोणाला ठेवत नाही, मारत नाही, शिव्या देत नाही, तक्रारीला पेटी आहे. शेवटी पूंगोडी आपल्या पदरचं जोडते — "किल्ली मॅनेजरच्या खिशात आहे!" मग सगळ्या एकदम टाळी देतात. मीही हसले. मग विचारलं, खरंच आठ तास का? तर म्हणाल्या, आठच की अम्मा. आठ झाले की फलक संपतो, काम चालू राहतं.

नियम वाईट नाहीत. माझ्या लेकीला, मीनाळला, अशा नियमांची जागा मिळाली असती तर मीही पाठवली असती.

५ जानेवारी, शुक्रवार

दारात कोलमची रांगोळी घालून आत आले तर पूंगोडी न्हाणीच्या कोपऱ्यात. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, मशीनवर काही झालं नव्हतं अम्मा, तुमच्या घरात कुठे काही लागलं नाही, तरी रक्त येतंय, मी मरणार का? घागरा बघितला आणि हातातलं पिठाचं भांडं खाली ठेवलं.

पोर आज शहाणी झाली. माझ्या घरात.

तिला समजावलं. मग ह्यांना सांगितलं. हे कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. "मिलच्या कागदावर ती गेल्या वर्षीपासून अठराची आहे."

मी म्हटलं, "कागद मिलमध्ये बसू दे. मुलगी माझ्या परसात बसली आहे."

नऊ दिवस तिला कुठेही हलवायचं नाही, असं सांगून टाकलं. आईपासून लांब, परक्या दारात — उद्या देवीने विचारलं तर मी काय उत्तर देऊ? पोरीला ताप आलाय म्हणून ह्यांनी मुत्तैयाला कळवलं. तो म्हणाला, ठेवा तिकडेच, बरंच झालं. पगार मात्र कापणार.

तिच्या आईला कार्ड टाकलं. वाचता येत नाही तिला, गावातले मास्तर वाचून दाखवतात. मामालाही कळवा असं लिहिलं. मार्गळीत सोहळा करत नाहीत, तेव्हा नवव्या दिवशी नुसतं न्हाऊ घालते, मान-आहेर पोंगलला तै महिना लागल्यावर तुम्ही करा.

६ जानेवारी, शनिवार

शहाण्या झालेल्या मुलीसाठी झापांची खोप मामाने बांधायची असते. हिचा मामा वीटभट्टीवर, कुठल्या ते आईलाच माहीत. आता खोप कोणी बांधायची, असं मी नुसतं म्हटलं. तर हे माडावर चढले, झाप उतरवले, आणि दुपारपर्यंत परसात खोप उभी केली. बाजूला कडुलिंबाची डहाळी खोचली. मीनाळच्या वेळी माझ्या भावाने बांधली होती त्याहून नीट बांधली. पूंगोडी आतून म्हणाली, "पाऊस आला तर गळेल का मामा?"

तेव्हापासून ह्यांना मामाच म्हणते.

९ जानेवारी, मंगळवार

उडदाचं पीठ, गूळ, तिळाचं तेल — रोज सकाळी तिला ह्याची घट्ट लापशी, कळी, ढवळून देते. कंबरेत बळ येतं. दोन वेळा पोटभर जेवते आणि झोपते. इतकी झोपते की मला भीती वाटते. झोपेत बोटं हलतात, तुटलेला धागा जोडल्यासारखी. खोकला आहेच.

दुपारी विचारत होती, आता मला लग्न होईस्तोवर मशीनवर उभं राहायला चालेल का? मी म्हटलं, तुला काय हवंय? मग म्हणाली, सहावी अर्धी राहिली आहे.

१३ जानेवारी, शनिवार

आज न्हाण. गुपचूप उरकायचं असं ह्यांनी बजावलं होतं. पण पाच सुवासिनी तर हव्यातच, आणि शेजारच्या पेच्चीला बोलावलं की ती कुलवै घातल्याशिवाय राहते थोडीच! तिने जीभ हलवून कुलवै घातली ती पार बस थांब्यापर्यंत गेली असेल. पोरीला पाटावर बसवलं. डोक्यावर हळदीचं पाणी ओततोय तोच कुडापाशी एक बाई उभी. सलवार-कमीज, खांद्याला पिशवी. चेन्नईच्या, अरुळमोळी नाव. आवाज ऐकून आले म्हणाल्या.

अशा वेळी आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं? कुंकू लावलं, द्रोणात कळी दिली. त्यांनीही प्रथेप्रमाणे पोरीच्या डोक्यावर तांब्याभर पाणी घातलं. खात खात विचारलं, छान आहे मुलगी, केवढी?

पूंगोडी ओल्या केसांतून म्हणाली, "अठरा."

बायका पोट धरधरून हसल्या. पेच्ची म्हणाली, "अगं, अठराव्या वर्षी न्हाण आलं तर मग लेकरं काय पन्नाशीला होणार?" अरुळमोळीबाई हसल्या नाहीत. द्रोण खाली ठेवला. मग मला कळलं त्या कोण ते. परदेशी कंपनीच्या तपासणीवाल्या. मिलमध्ये गेल्या आठवड्यात तपासून झालं, आता त्या एकट्याच गावात फिरत होत्या.

त्यांनी आवाज न चढवता विचारलं — घर कोणाचं, यजमान काय करतात, त्यांचं नाव काय. नाव माझ्या तोंडून कसं निघणार? पेच्ची पुढे झाली. "ती देवळातसुद्धा त्या देवाला मोठा देव म्हणते, नवऱ्याचं नाव तेच पडतं म्हणून!" आणि तिनेच सांगून टाकलं. बाईंनी लिहून घेतलं नाही. एवढं माझ्या लक्षात आहे.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, घाबरू नका. कंपनीचा नियम आहे — लहान मुलगी सापडली तर तिला हाकलायचं नाही. मिलने तिला घरी पोचवायचं, केलेल्या कामाचे पैसे द्यायचे, आणि अठरा होईपर्यंत शाळेचा खर्च करायचा. त्यांच्या पत्त्याचं कार्ड दिलं. काही वाटलं तर लिहा म्हणाल्या.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. बाकीच्या मुलींचंही. पूंगोडीची सहावी पुरी होईल एवढंच डोळ्यांसमोर होतं.

१४ जानेवारी, रविवार

हे माझ्याशी बोलत नाहीत. खोप मोडून झाप चुलीपाशी रचून ठेवले.

१५ जानेवारी, सोमवार

पोंगल. नवं मडकं, नवे तांदूळ. दूध उतू गेलं तेव्हा पूंगोडीने सगळ्यांत मोठ्याने "पोंगलो पोंगल" म्हटलं. संध्याकाळी मुत्तैया आला. मला वाटलं शिव्या देईल, तर ऊस घेऊन आलेला. म्हणाला, अक्का, झालं ते चांगलंच झालं. मॅनेजर साहेबांनी मान्य केलंय, सहाही मुलींना घरी पोचवणार, पैसे हातात देणार. बस तुमच्याच घरची, मग काळजी कसली?

मी मुरुगासमोर साखर ठेवली.

१७ जानेवारी, बुधवार

मुली पहाटे गेल्या. मीनाळची ट्रंकेतली जांभळी दावणी पूंगोडीला नेसवली. दहा वर्षं कापूर घालून जपली होती, एक धागा विरलेला नाही. पहिल्यांदाच अशी अर्धी साडी, पदर सावरता येत नव्हता. चिंचेचा भात बांधून दिला, मायलेकींना पुरेल इतका. खोकल्याला सुंठ दिली. माझ्या पाया पडली, मग ह्यांच्या पाया पडायला वळली. हे बसमध्ये चढून बसले होते.

तिच्या आईला कार्ड टाकलं — आज निघाली आहे, दोन दिवसांत पोचेल, शाळेत घाला.

हे दुपारच्या जेवणालाच परत आले. एवढ्यात कसे, विचारलं. म्हणाले, पुढची व्यवस्था मिलने केली होती. जेवले नाहीत. पोंगलचा ऊस पडला होता, तो गाईला घातला.

२५ जानेवारी, गुरुवार

आला — लाडूंचा खोका, मिलकडून. तपासणीत मिल पास झाली. फाटकाशी फलकाशेजारी आता काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र. पेच्ची बघून आली. म्हणाली, नव्या मुलीही आल्यात, पण उंच आहेत, बिहारकडच्या. त्यांची भाषा कोणाला येत नाही.

लाडू आधी देवापुढे ठेवायचा असतो. ठेवायला गेले, हात पुढे होईना. पेच्चीच्या मुलांना दिले.

हे आताशा बस धुतल्यावर पुन्हा धुतात.

१ फेब्रुवारी, गुरुवार

तैपूसम, मुरुगाचा सण. उपास. पळनीला पायी जाणाऱ्यांना ताक दिलं. पूंगोडीच्या आईचं उत्तर नाही. मास्तर सुट्टीवर असतील.

५ फेब्रुवारी, सोमवार

आलं — एक पार्सल, कमुदीहून, पूंगोडीच्या नावाने, आमच्या पत्त्यावर. मामाचा मान — पिवळी दावणी, काचेच्या बांगड्या एक डझन, त्यातल्या तीन फुटलेल्या. सोबत मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठी. ती निघाली असं तुम्ही लिहिलंत, अजून आली नाही. मिलने कामाला थांबवून घेतलं असेल असं समजून तुमच्याकडेच पाठवतो. तै संपायच्या आत नेसवा. तुमच्या घरी आहे म्हणून जिवाला घोर नाही.

पार्सल ह्यांच्यासमोर ठेवलं. फुटलेल्या बांगड्या बाजूला काढल्या. मग म्हणाले, "ओड्डनछत्रमच्या चौकात दुसरी गाडी उभी होती. मुत्तैयाने त्यात बसवायला सांगितलं. कुठल्या मिलची, मी विचारलं नाही. ती खिडकीतून मामा मामा करत होती."

कार्ड एक, पन्नास पैसे. उघडं असतं, पोस्टमन वाचेल. वाचू दे. अरुळमोळीबाईंना लिहिलं, त्याची नक्कल इथे ठेवते —

तुम्ही माझ्या दारी पोरीच्या डोक्यावर पाणी घातलंत. १७ तारखेला सहा मुली मिलच्या बसमधून घरी म्हणून निघाल्या. पूंगोडी पोचलेली नाही. बाकीच्यांचं माहीत नाही. ओड्डनछत्रमच्या चौकात त्यांना दुसऱ्या गाडीत घातलं. बस चालवणाऱ्याने ती गाडी पाहिली आहे, त्यांना विचारा. त्यांचं नाव करुप्पसामी. माझे यजमान. मुली कुठे आहेत ते उलट टपाली कळवा.