लग्नाचं कलम

तांडा, पुसेगावजवळ,
ता. सेनगाव, जि. हिंगोली
फेब्रुवारी २००३

प्रिय मिने,

तुझा मसुदा मिळाला. अपंगांसाठी सरकारचं धोरण लिहायला बसलेल्या समितीत आपली मिना आहे, हे मी तांड्यात इतक्या जणांना सांगितलंय, की आता मी दिसले की लोक वाट बदलतात. वसतिगृहात आपल्या दोघींच्या पायांतल्या लोखंडी कॅलिपरचा खडखडाट ऐकला, की बाई शेंगदाण्याचा डबा उचलून कपाटात कोंडायच्या. तीच तू आता सरकारला शहाणपण शिकवतेस! फार बरं वाटलं मला.

मत मागितलंस म्हणून सांगते. कचेऱ्यांना पायऱ्यांऐवजी उतार हवा, हे लिहिलंत ते ठीक. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तालुक्यातच शिबिर घ्यायचं, हे मात्र सगळ्यात आधी करा. मागे मला दाखल्यासाठी वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. धापा टाकत जिना चढून गेले, तर तिथला माणूस म्हणतो, ‘चढून राहिल्या की तुमी, मग दाखला काहून पायजे?’ मी म्हटलं, उतरताना पाठुंगळी घ्या, म्हणजे कळेल. शिलाई मशीन द्यायचं कलमही ठेवा. मी हाताने फिरवायच्या मशीनवर अख्ख्या तांड्याचे ब्लाउज शिवते, दादाच्या घरात त्याच जोरावर मान वर करून जेवते.

आता लग्नाच्या कलमाबद्दल. अपंग मुलीशी लग्न करणाऱ्या धडधाकट माणसाला सरकारने पैसे द्यावेत, असं तुम्ही सुचवलंत, आणि ते पेपरात आलं. समिती विचार करते आहे, एवढंच बातमीत होतं. आमच्या जगनदादाने ती तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर मोठ्याने वाचली, आणि ऐकणाऱ्यांनी पैसे सुटले असंच धरलं. महिना झाला नाही तोच हट्ट्याकडून मला स्थळ आलं. चौतिसाव्या वर्षी! खोटं कशाला बोलू, हरखून गेले मी. पावडर लावली, वहिनीची हिरवी साडी नेसले, आरशापुढून हलवेना.

रणजीत नाव त्याचं. दिसायला बरा आहे, पण तो काही बोललाच नाही. बोलला त्याचा मोठा भाऊ, किसनसिंग. त्याने आधी माझा दाखला पाहिला, मग पाय पाहिला. तोंडाकडे बघायचं त्याला सुचलंच नाही. त्यांचं घर शेतात आहे, गावापासून लांब, मधे ओढा. कॅलिपरकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हे लोखंड इथंच राहू द्या. घरातल्या घरात काय लागतं तिला?’ आई हसली. तिला वाटलं, लेकीला बसवून खाऊ घालणार.

मग चहा पिता पिता त्याने दादाला सहज विचारलं, ‘मागून पोरीचं काई बरंवाईट झालं, तर सरकार पैसे वापस मागतं का?’ दादा म्हणाला, ‘न्हाई, एकदा दिले ते दिले.’ किसनसिंगने मान हलवली आणि बशीतला चहा संपवला. मी दाराआड उभी होते. रणजीतनेही ते ऐकलं.

ते गेल्यावर मी दादाला सांगितलं, अजून काहीच मंजूर नाही, मसुदा माझ्याकडे आहे. तो म्हणाला, पेपरवाल्यापेक्षा तुला जास्त कळतं का, गप राह. आईला सांगायला गेले, तर ती रडायलाच लागली. बाबा गेल्यापासून मी तिला इतक्या आनंदात पाहिलं नव्हतं. मला पुढे बोलवेना. दुसऱ्या आठवड्यात नायकासमोर लग्न ठरल्याचा गूळ वाटला. आमच्यात एकदा गूळ वाटला की कुणी मागे फिरत नाही.

म्हणून हे पत्र. तुमची बैठक होळीनंतर आहे आणि माझं लग्न होळीच्या आधी. ते कलम खोडून टाक, असं लिहायलाच बसले होते. पण खोडलंत, तर त्या शेतातल्या घरात कळेल की माझे पैसे येणार नाहीत. ठेवलंत, तर पैसे येतील, आणि मग माझं काही काम उरणार नाही. दोन्हीकडून विचार केला, भीती तेवढीच वाटते. तेव्हा त्यात एवढं तरी घाल, की लग्नानंतर कुणीतरी मधूनमधून त्या बाईच्या घरी जावं, तिला बाहेर बोलवावं आणि तिच्याशी एकटीशी बोलावं. हे मंजूर व्हायला किती काळ जाईल, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तोवर तूच ये. हट्ट्याच्या पुढे, ओढ्यापलीकडे, रणजीतचं घर विचार. मी माहेरी गेलेय असं ते सांगतील. ऐकून परत फिरू नकोस.

तुझीच,
संगी