डॉक्टर मागणाऱ्या घोडेस्वाराची निरवानिरव

मी, इंदालेसिओ ऊसेरो, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी सिनेमात घोड्यावरून पडण्याचा, राहणार तबेर्नास, प्रांत आल्मेरिया, आज चालताबोलता आहे. डोके ठिकाणावर आहे (मुलगी वेगळे सांगेल, तिचे ऐकू नये). कोणीही भरीस न घालता माझ्यामागची व्यवस्था नोटरी बाईंकडून लिहवून घेत आहे.

कलम १. राहते घर आणि मागची बदामाची झाडे मुलगी आराथेली हिला. घर तिच्या एकटीच्या नावावर राहावे. जावई चांगला आहे, पण चांगल्या माणसांकडून सह्या लवकर घेतल्या जातात.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक धाकटा भाऊ थेनोन याच्या शुश्रूषेसाठी. तो कमरेखाली हलत नाही. अडुसष्ट साली इटलीची एक कंपनी इथे चित्रपट करत होती. गोष्ट रेल्वे मजुरांच्या संपाची, आणि संपकरी आम्ही गावचे घोडेस्वार. तेव्हा घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून त्याला ठरल्या जागी पाडत. एके दिवशी असाच घोडा थेनोनच्या अंगावर पडला. डॉक्टर नव्हता. फळ्या वाहायच्या ट्रकमधून त्याला शहरात नेले. दुसऱ्या सकाळी आम्हाला पुन्हा घोड्यावर बसायला सांगितले. डॉक्टर येईपर्यंत बसणार नाही, असे आम्ही कळवले. तेव्हाच्या हुकूमशाही राजवटीत ‘संप’ हा शब्द फक्त चित्रपटातच उच्चारता येई.

कलम ३. माझी खोगिरे पर्यटकांच्या त्या ‘सिनेमाच्या गावा’तल्या संग्रहालयाला देऊ नयेत. मॅनेजर दोनदा येऊन गेला. भिंतीवर खिनेस बेरेंगेलचे भले मोठे चित्र लावले आहे, खाली लिहिले आहे ‘मजुरांचा पुढारी’. त्या भिंतीखाली माझे चामडे नको. खोगिरे आराथेलीने विकावीत किंवा उंदरांना द्यावीत.

खिनेस माझा जिवलग, आमच्यातलाच एक घोडेस्वार. आराथेलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती त्याच्याच हातांवर होती. त्या सकाळी आम्ही तबेल्यात अडून बसलो असताना तो आला.

“इथे घोड्यांना गाऱ्हाणी सांगून काय होणार? स्टेशनच्या सेटपुढे चला. दिग्दर्शक तिथेच आहे. त्याच्या तोंडावर ओरडू.”

“आणि पोलीस गार्ड आले तर?”

“अरे, मी आहे ना!”

अंगावर मजुरांचे कपडे होतेच. गेलो तसेच. मी मालगाडीच्या डब्यावर चढलो. “डॉक्टर द्या! आम्ही माणसं आहोत!” घसा फुटेपर्यंत ओरडलो, आणि लाज कशाला, रडलोही. दिग्दर्शक टोपी काढून उभा होता. मला वाटले, त्याला पाझर फुटला.

संध्याकाळी गार्ड आले ते थेट नावे घेऊन, एकेका घराशी. मी तुरुंगातून सुटलो तेव्हा बदाम फुलले होते. त्यानंतर कुठल्याच कंपनीने मला दारात उभे केले नाही.

पुढे तो चित्रपट गावात लागला. बायको आंगुस्तियास, देव तिला शांती देवो, शेजारी बसली होती. पडद्यावर आम्ही आलो. नाटक नव्हे, तीच सकाळ. कॅमेरा स्टेशनच्या खिडकीमागे लपवला होता. माझे रडणे भिंतीएवढे. पण तोंडातून आवाज परक्याचा: “सोनं द्या! सोनं आमचं आहे!” मग खिनेस पुढे येऊन झोकात बोलला. नायकाने पिस्तूल काढून डब्यावरच्या माणसाला, म्हणजे मला, उडवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आंगुस्तियास माझा हात धरून म्हणाली, “अरे, तुझा आवाज कुणी काढून घेतला?”

बाहेर मी खिनेसला गाठले.

“कॅमेरा चालू होता. तुला ठाऊक होतं?”

“होतं.” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “तुम्हाला नुसतं उभं राहायचं होतं रे. मला बोलायला वाक्यं मिळणार होती. आपल्यातल्या कुणाला आजवर मिळाली होती?”

त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

कलम ४. माझ्या शवपेटीला खिनेसने खांदा देऊ नये. मात्र त्याच्यावर नसता आळही नको. आमची नावे गार्डांना कोणी दिली हे मला आजतागायत कळलेले नाही. तो इतका खालचा नाही.

कलम ५. नोटरी बाई म्हणतात, साक्षीदार आता सक्तीचे नाहीत, आणि ठेवलेच तर त्यांना मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. ही अट मला सोयीची आहे. म्हणून दुसरा साक्षीदार खिनेस. निरोप धाडला, आला आहे, टोपी मांडीवर घेऊन बसला आहे. हे सर्व त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे.

ठिकाण तबेर्नास, दिनांक ९ मार्च १९९४.

इंदालेसिओ ऊसेरो (सही)

साक्षीदार पहिला: ओनोफ्रे कासिनेयो, लोहार (सही)

नोटरींची नोंद: वाचन चालू असताना दुसऱ्या साक्षीदाराने कलम ४ शी थांबवले. त्याचे शब्द असे: “ते शेवटचं खोडा, बाई. नावं मीच दिली. कंपनी म्हणाली, दृश्य झालं, आता ही माणसं नकोत.” मृत्युपत्रकर्ते म्हणाले, “खोडू नका. मी काय समजत होतो तेही राहू दे. त्याचं बोलणं खाली लिहा आणि त्याच्याच हातची सही घ्या.” त्याप्रमाणे केले.

साक्षीदार दुसरा: खिनेस बेरेंगेल, नट (सही)