विमानाचं डावं चाक

दिवाळे, बेलापूरजवळ
ता. ११ मे १९६६

ती. हिरामणदादास,
कमळीचा शिरसाष्टांग नमस्कार. (मायना पूर्ण लिहिला आहे. तू हसशील हे ठाऊक आहे, पण अर्धा मायना लिहिला की मला झोप येत नाही.) इकडे बाबा, आई आणि गोजराआत्या खुशाल आहेत. माझगावच्या खोलीत तुझा खोकला कसा आहे, आणि बोट गोदीतून कधी निघणार, ते कळव.

पत्रास कारण की, विमान झालं. होळीला तू विलायतेहून आणलेला तो विमानाच्या सुट्या तुकड्यांचा डबा बाबांपुढे ठेवून म्हणालास ना, की कमळीला इंग्रजी येतं, ती जोडेल. तुला वाटलं तू माझी बाजू घेतलीस. तू दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलास आणि बाबांनी त्या डब्याची परीक्षा करून टाकली. अकरा यत्ता शिकलीस, म्हणाले, आता ह्या कागदातलं वाचून विमान जोड. एक तुकडा उरता कामा नये की कमी पडता कामा नये, कारण एक खुंटी उरली तरी ती होडी समुद्रात न्यायची नसते. जमलं तर ठाण्याच्या अध्यापिका विद्यालयाच्या फॉर्मवर अंगठा, नाही तर नारळी पौर्णिमेनंतर लग्न. तेव्हा मी गेले दोन महिने काय करत होते, ते ध्यानात घे.

तुकडे एकेचाळीस होते. मी ते तीनदा मोजले, मग वहीत चित्रं काढून प्रत्येकाला नंबर दिला. कागदातले अर्धे शब्द शाळेच्या शब्दकोशात सापडले नाहीत, पण चित्रं बघून आणि धीर धरून मी पहिल्या नऊ पायऱ्या नीट समजून घेतल्या. (एकूण पायऱ्या बारा आहेत. त्याबद्दल पुढे.) हे विमान खऱ्याचा बहात्तरावा भाग आहे, म्हणजे एक वीतसुद्धा नाही. बाबांना हे समजावून सांगितलं, तर म्हणाले, मंग अशी बहात्तर आनली की एक खरं होतं काय? मी हिशेब करून दाखवणार होते, की लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींकडून बहात्तर पट लागते, पण तोवर ते जाळं घेऊन निघून गेले होते.

रंगाचं मी फार काळजीने केलं. चंदेरी रंग गोटीरामकाकांकडून आणला. (तेच, होड्यांवर नावं रंगवतात ते.) ब्रश मांजरीच्या शेपटीच्या सात केसांचा केला, मांजरीला न दुखवता. डब्यातली पंखांवरची गोल खूण विलायतेची होती, ती बाजूला ठेवून मी आपली काढली: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. गेल्या वर्षीच्या लढाईत वर्तमानपत्रात आलेला फोटो समोर ठेवला होता. गोटीरामकाका बघायला आले आणि म्हणाले, नावाशिवाय होडी पान्यात जात नाय, ही तर वाऱ्यात जायची. मी नको म्हणायच्या आत त्यांनी नाकावर 'एकवीरा प्रसन्न' लिहूनही टाकलं. अक्षर इतकं बारीक आणि सुंदर आलं आहे, की पुसायला मन होईना. हवाई दलाची यास हरकत नसावी असं वाटतं, तरी नक्की माहीत नाही.

आता घोटाळ्याचं सांगते. कागदात स्पष्ट लिहिलं होतं, की लहान तुकडे आधी रंगवावेत, वाळवावेत आणि मगच जोडावेत. दुसऱ्या कुणी आधी जोडून मग रंगवलं असतं, पण लिहिलेलं मोडणं माझ्याने होत नाही. वाळवायला आपल्याकडे ऊन खूप, पण कावळेही तितकेच. कावळ्यांपासून राखण फक्त एका जागी असते, ती म्हणजे आईने जवळा पसरलेली चटई, जिथे गोजराआत्या दिवसभर काठी घेऊन बसते. म्हणून मी दोन्ही चाकं त्या चटईच्या कोपऱ्यात ठेवली, आत्याला सांगूनही ठेवलं. दुपारी आत्याचा डोळा लागला, आईने चटई उचलून जवळा टोपलीत भरला आणि ती पनवेलच्या बाजाराला गेली. चटईखाली उजवं चाक सापडलं. डावं गेलं, दादा. पनवेलला कुणीतरी ते कांद्याबरोबर परतलं असेल, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी कुणाला काही बोलले नाही.

पण मी हरले नाही. उजवं चाक कंपासपेटीत लपवलं, चाकांच्या खाचेवरची झाकणं चिकटवून बंद केली आणि विमान जाळ्याच्या दोऱ्याने आढ्याला टांगलं. काय सुंदर दिसतं म्हणून सांगू. बाबा खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग विचारलं, चाकं कुटं हायेत? मी ठामपणे सांगितलं, की उडताना चाकं आत जातात. मंग उतरताना? उतरताना बाहेर येतात. कोनी सांगितलं? कागदात लिहिलंय, म्हटलं. बाबा 'बरं' म्हणाले, चंची काढून तंबाखू मळली आणि गेले. फॉर्मचं काही बोलले नाहीत, पण माझी खात्री आहे, की काम झालं.

तब्येतीला जप. काही काळजी करू नकोस, इकडे सर्व व्यवस्थित आहे.

तुझी धाकटी बहीण,
कमळी

ता. क. वैमानिक आत बसवायचा राहिला. काच चिकटवल्यावर लक्षात आलं. रिकामी खुर्ची बघून बाबाच म्हणाले, नाखवा जेवायला गेला असंल.

ता. क. दुसरा. खरी गोष्ट अशी, की कागदात चाकांचं मी काही वाचलेलं नाही. शेवटच्या तीन पायऱ्या मला समजल्या नाहीत. चाकं आत जातात हे मी मनाने सांगितलं. ते खरं निघालं, तर मी खोटं बोलले असं होतं का? फॉर्म एकतीस तारखेला बंद होतो. गोदीत कुणाला तरी विचार आणि खरं असेल तर बाबांना तसं पत्र लिही. (वाचून मीच दाखवीन, एक अक्षर न बदलता.) खरं नसेल, तर मला आधी कळव, म्हणजे मी कबूल करते.

ता. क. तिसरा. बाबांना पत्र लिहू नकोस. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ते आले आणि चंचीतून तंबाखूत माखलेलं डावं चाक काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, उतरताना बाहेर येतं म्हनालीस ना? आलं. पनवेलला आईच्या गिऱ्हाईक सरस्वतीबाईंनी जवळ्याचं माप ओतून घेताना ते सापडलं होतं; आईने त्याच रात्री बाबांना दिलं, म्हणजे विमानाखाली उभे राहून मला विचारत होते तेव्हाही ते त्यांच्या चंचीतच होतं. मी रडायला लागले, तर म्हणाले, चाक हरवून पन विमान उडवलंस, मास्तरीन होशील. आणि फॉर्म पुढे केला; त्यावर उरलेल्या चंदेरी रंगात आधीच अंगठा उठवलेला होता. दादा, तेवढं एक कर, ठाण्याला जाऊन विचार, की चंदेरी अंगठा चालतो का. शाई का नाही घेतली म्हणून विचारलं, तर म्हणाले, दौत तुज्यापुढं होती, तू मन लावून माज्याबद्दल लिवत होतीस, मदी कसं बोलू?