पिवळं पाणी

सर, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून दर वर्षी प्रयोगशाळेतल्या तुमच्या फोटोला मी हार घालत आले. आज नाही घातला.

तुम्ही वाईट असतात तर सोपं झालं असतं. बाबा माझं शिक्षण थांबवायला निघाले होते तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी येऊन तुम्ही दोन तास बसलात आणि त्यांचा होकार घेऊनच उठलात. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतली माती आपण तुमच्या स्कूटरवरून आणली. तिच्यातल्या जिवाणूंत ते एन्झाइम सापडलं, फवारणीच्या विषाचे तुकडे करणारं. विष फुटलं की पाणी पिवळं व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना तुम्ही बोलावून आणलंत. त्या एन्झाइमची पावडर करायची आणि फवारणीचे कपडे तिच्या पाण्यात भिजवले की बायकांच्या हाताला विष लागणार नाही, हे तुमचं स्वप्न होतं. माझंही होतं.

पण बागांमध्ये तोवर दुसरं एक औषधही मारू लागले होते, त्याच जातीचं, जरा वेगळ्या रासायनिक जोडणीचं. त्याच्यावर आपलं एन्झाइम जवळजवळ चालतच नव्हतं. मी तीनदा तपासलं आणि वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती मिटलीत. "शेतकऱ्यापुढे जर-तर चालत नाही," म्हणालात. "आधी विश्वास बसू दे." मी काही बोलणार तर म्हणालात, माझ्यात हिंमत कमी आहे, म्हणून मी खोट शोधत बसते.

मला तो दिवस अजून दिसतो. बागेच्या कडेला मंडप टाकलाय, तुम्ही बाह्या सारून उभे आहात, बादली मी धरलीय. तुम्ही जुनं औषध ओतता, पावडर टाकता, पाणी पिवळं होतं आणि तुम्ही त्यात उघडा हात घालता. लोक टाळ्या वाजवतात. मागून एक बाई विचारते, "सगळ्याच दवाईले चालते का जी हे?" तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "सगळ्याले," म्हणता. मी बादली धरून उभीच असते.

महिन्याभरानं तीच बाई नागपुरात दवाखान्यात होती. नवऱ्यानं ते दुसरं औषध मारलं होतं आणि त्याचे कपडे तिनं मंडपात वाटलेल्या पुडीतल्या पावडरीत भिजवून उघड्या हातांनी धुतले होते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम. बोलण्याइतकी सुधारली तेव्हा मी गेले. ती ओरडली नाही. म्हणाली, "हातमोजे होते मॅडम घरात. तुमच्या सरांनं सांगतलं म्हणून नाही घातले." हे मी तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "पावडर कमी टाकली असेल तिनं." तुम्ही तिला भेटायला गेला नाहीत. पुड्या वाटणं गुपचूप बंद केलंत, पण ज्यांच्या घरी त्या पोचल्या होत्या त्यांना कुणीच काही कळवलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही हृदयविकारानं गेलात. शोकसभेत सगळे तुमच्या पिवळ्या पाण्याबद्दल बोलले. ती बाई वाचली, पण सुईत दोरा ओवता येत नाही तिला अजून. कोण उत्तर देणार होतं तिला, सर?

काल माझी एक विद्यार्थिनी तक्ता घेऊन आली. आमचं नवं एन्झाइम त्या दुसऱ्या औषधावरही चालतं, पण फार हळू. रात्रभर भिजवूनही निम्मं विष उरतं. हे अहवालात लिहू का, तिनं भीत भीत विचारलं. पहिल्याच पानावर लिही, मी म्हटलं, आणि हातमोजे घालायचेच हेही लिही. मग तिला तुमची सगळी हकिकत सांगितली. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मंडपात तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

बोलले होते, असं मी तिला सांगितलं.