करवंदांवर शिंपडलेलं पाणी

आये,

तू गेलीस तेव्हा माझे केस काळे होते. आता मीच आजी आहे आणि या उन्हाळ्यात कामाला लागलेय, करवंदं गोठवायच्या कारखान्यात. हसू नकोस. खाडीकडेला जिथं तू मिठाच्या राशी ओढायचीस, तिथं आता पत्र्याची लांबलचक शेड आहे. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत आम्ही स्वेटर घालून फळं निवडतो. करवंदं धुऊन पंख्याखाली वाळवतात, आम्ही बायका देठ आणि हिरवी फळं काढतो, मग पट्टा ती एका बोगद्यात नेतो. तिथं उणे चाळीस. खालून गार वारा असा येतो की करवंदं लाह्यांसारखी उडत राहतात आणि बाहेर पडतात ती गोट्यांसारखी टणक, एकेक सुटी. सुपरवायझर माझ्या नातीच्या वयाची. तिला विचारलं, एवढी थंडी आणता कुठून? म्हणाली, "आजी, सोड्याच्या बाटलीतला वायू असतो ना, तोच दाबून पाइपांत फिरवतात. फळाला तो लागत नाही, नुसती उष्णता ओढून नेतो. आधी अमोनिया होता, जरा गळला की डोळे चुरचुरायचे." "आन ह्यो गळला तर?" "याचा वास येत नाही, माणूस गुदमरतो. म्हणून तो भोंगा लावलाय. वाजला की पळायचं." "या गुडघ्यांनी?" "सगळ्यांत पुढं तुम्हीच असाल," ती म्हणाली.

एक दिवस बोगदा अर्धा तास बंद पडला. वाळवलेली करवंदं माझ्यापुढं क्रेटमध्ये थांबलेली. बघता बघता त्यांचं तेज उतरायला लागलं. मला बघवेना. हात आपोआप गेला. प्यायच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन मी सात-आठ क्रेटांवर शिंपडलं. कशी काळीभोर चमकली! मग बोगदा सुरू झाला आणि पलीकडून बाहेर आले ते नारळाएवढे गठ्ठे. ओलं फळ ओल्या फळाला चिकटून गोठलेलं. पट्ट्याच्या भोकांत बर्फ बसला, सगळं थांबवून दुपारभर तो वितळवावा लागला.

वाळवायच्या पंख्यावर होती आमच्या गल्लीतली शेजारीण. तिनंच मला हे काम मिळवून दिलेलं. सुपरवायझरनं तिलाच धरलं. "पंखा बंद ठेवलात ना?" "अवो मॅडम, चालूच होता, देवाशपथ." "मग पाणी काय आभाळातून पडलं?" शेजारीण माझ्याकडं बघते. मी देठ काढते. तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तिचा नवरा अंथरुणावर, चूल तिच्याच पगारावर. हे मला ठाऊक होतं, तरी मी देठ काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गाडीत तिची जागा रिकामी. मी तिथं माझा डबा ठेवला. कामाला बसले, पण पिकलं कुठलं आणि हिरवं कुठलं, दिसेना. जेवायच्या सुट्टीत जाऊन सुपरवायझरपुढं उभी राहिले.

"मॅडम, पानी मी मारलं."

"तुम्ही? कशाला पण?"

"फळ सुकत होतं."

"असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आयेनं. तिची रीतच ती. पाटीवर पानी मारल्याबिगर बाजारात बसायची न्हाय."

पोरीचा चेहरा निवळला. "तुमच्या आईला एकदा पाठवा माझ्याकडं."

"आली तर तुम्हीच बोगद्यात लपाल."

हसली ती. त्याच संध्याकाळी शेजारणीला फोन गेला. मला बाटली आत न्यायची बंदी झाली, बाकी काही नाही. शेजारीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातलं सुकट पुढं केलं. तिचं मिटलं. तुझं राहिलं.

तू कधी फळाला पाण्याचं बोट तरी लावलंस का, आये? मी नऊ-दहा वर्षांची असताना करवंदांची पाटी ओढ्यात बुचकळली, तर तू ती तिथंच पालथी केलीस. "काय गो, लगीन हाय त्यांचं, न्हाऊ घालतंस? वल्लं फळ सांजंपत्तुर कुजतं." आणि मला पुन्हा डोंगर चढायला लावलास. पाणी मारायला मी शिकले ते तू गेल्यावर, हायवेला टोपली घेऊन बसायला लागले तेव्हा. कालचं फळ आजचं दाखवायला. हे त्या पोरीला कसं सांगणार? लबाडी करून करून हाताला सवय लागलीय म्हटलं असतं, तर तिनं मलाच घरी पाठवलं असतं. आईची रीत म्हटलं की माणसं हसून सोडून देतात. आणि तू काही उठून खोटं पाडायला येणार नव्हतीस.

तुझ्यापुढं उभं राहून हे बोलायची हिंमत मला या वयातही झाली नसती. लिहिलं ते एवढ्याचसाठी, की तुला वाचता येत नव्हतं.